जुनी माउंटन बाईक उभी करायची आहे, सल्ला हवा

गावठी_गिअर:
मंडळी, मुक्काम सॅन होजे. शनिवारी गराज सेलमध्ये ६० डॉलरला जुनी स्टम्पजम्पर (स्पेशलाइज्ड कंपनीची माउंटन बाईक) मिळाली. क्रोमोलीची (मिश्र पोलादाची) फ्रेम, सस्पेन्शन नाही, मागचा ब्रेक चक्क खाली बीबीपाशी (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस बसतो तिथे). सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) जाम आहे, दोन दिवस हातोडा हाणतोय. साल कसं ओळखू? रंग खरवडून पावडर कोटिंग करू का? आणि मागे व्ही-ब्रेक (नंतरच्या गाड्यांवरचा, उभ्या हातांचा रिम-ब्रेक) बसेल?

सह्यफिरस्ता:
रंगाला हात लावू नका! ओरखड्यांसकट मूळ रंगालाच किंमत आहे. सालासाठी शिमानोच्या भागांवर कोरलेली दोन अक्षरं शोधा. पहिलं वर्षाचं (ए म्हणजे १९७६, बी १९७७, असं पुढे), दुसरं महिन्याचं. 'एलसी' आलं तर मार्च १९८७.
बाकी तुम्ही तर माउंटन बायकिंगच्या माहेरीच राहता. १९७६ साली तुमच्याच कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या. एका उतरणीत हबमधलं (चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, ब्रेक तिथेच असायचा) ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागे, म्हणून त्या रस्त्याचं नावच 'रिपॅक'.

चेनतेल:
तो यू-ब्रेक. त्याचे हात ज्यांवर फिरतात त्या खुंट्या रिमच्या बाहेर, टायरच्या अंगाला असतात. व्ही-ब्रेकला त्या रिमच्या आत, हबच्या बाजूला लागतात. वेल्डिंगशिवाय जमणार नाही. चिखल धरतो खरा, पण राहू द्या.
सीटपोस्टचं मात्र मनावर घ्या, बाकी खरेदी नंतर. पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं राहिला की दोन्ही धातू गंजून एकमेकांना चिकटतात. हातोडा बंद. आधी बीबी काढा (तो दोन बाजूंच्या आटेवाल्या कपांनी धरलेला असतो; उजव्या कपाचे आटे उलटे असतात, इथे भले भले फसतात). मग गाडी उलटी टांगून बीबीच्या भोकातून गंज सोडवणारं तेल सोडा, आठवडाभर रोज. नंतर पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये आवळा आणि फ्रेमच फिरवा, तोच तुमचा लांब दांडा.
कॉस्टिक सोडा कुणी सुचवेल. मी वापरलाय. पोस्ट विरघळला, रंगही गेला. शिवाय हायड्रोजन सुटतो, बंद गराजमध्ये तर नकोच.

सह्यफिरस्ता:
+१. पोस्ट निघाला की व्हर्नियरने मोजा. २६.८ आणि २७.० मिमी डोळ्याला सारखेच दिसतात, बसत नाहीत.

गावठी_गिअर:
क्रँकवर 'एलजी' सापडलं, जुलै १९८७! मागच्या हबवर 'आरबी', म्हणजे चाक नंतरचं. उजवा कप मी आधी चुकीच्या बाजूलाच फिरवला, सुदैवाने आटे वाचले. गाडी आता तुळईला उलटी टांगली आहे. आई विचारते, बोकड कापलंस का?