मानसिक भयकथा कागदावर आणि निवांत कथा पडद्यावर : ही विभागणी इतरांनाही जाणवते का?

खामलेकर (धागाकर्ता)

नमस्कार. मी जपानी मांगा (कागदावरच्या चित्रकथा) आणि ॲनिमे (पडद्यावरची हलती चित्रे) बऱ्याच वर्षांपासून नियमितपणे वाचत-पाहत आलो आहे. या काळात माझ्या आवडीची एक विचित्र विभागणी झाली आहे आणि तिचे कारण मला नीट सांगता येत नाही. मानसिक भयाच्या कथा मला कागदावरच भिडतात. त्यांचे ॲनिमे पाहिले की भीती पातळ झाल्यासारखी वाटते. याउलट स्लाइस ऑफ लाइफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, रोजच्या जगण्यातील किरकोळ गोष्टींवर उभ्या असलेल्या कथा मी पडद्यावर तासन्‌तास पाहू शकतो, पण त्यांचा मूळ मांगा हातात घेतला की चार-पाच पानांनंतर नुसता चाळू लागतो.

उदाहरणाशिवाय हे बोलणे पोकळ ठरेल. शूझो ओशिमी यांचा ‘ची नो वादाची’ हा मांगा (2017 ते 2023, एकूण 17 खंड) ज्यांनी वाचला नसेल त्यांनी हा परिच्छेद वगळावा. सुरुवातीच्या पानांत एक आई आपल्या शाळकरी मुलाला सकाळी न्याहारीला मांसाचा बन हवा की गोड सारणाचा, असे हसतमुखाने विचारते. कोणत्याही घरात शोभेल असा हा प्रसंग आहे. पुढे डोंगरावरच्या सहलीत हीच आई मुलाच्या नात्यातल्या एका भावाला कड्यावरून ढकलते, आणि त्यानंतर वाचकाला कड्यापेक्षा त्या घरातील सकाळचीच धास्ती वाटू लागते. संवाद अगदी मोजके आहेत. पानेच्या पाने केवळ आईचा चेहरा असतो आणि त्या चेहऱ्यावर नेमके काय बदलले आहे हे शोधण्यात आपण अडकून पडतो.

दुसऱ्या टोकाला ‘युरु कॅम्प’ (2018) हा ॲनिमे आहे. हजार येनच्या नोटेवर छापलेला फुजी पर्वत प्रत्यक्ष पाहावा म्हणून एक मुलगी सायकलने मोतोसु तलावाकाठी येते, दमून झोपी जाते, रात्री तेथे एकटीच तंबू ठोकून राहिलेल्या दुसऱ्या मुलीशी तिची गाठ पडते आणि दोघी शेकोटीजवळ बसून कपातील नूडल्स खातात. पहिल्या भागात एवढेच घडते. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना, कूलरच्या घरघरीत बसून कडाक्याच्या थंडीतील ही शेकोटी पाहण्यात मला जे सुख मिळते, त्याचे समर्थन मी कोणाकडेही करू शकत नाही.

ही केवळ माझी सवय आहे, की या दोन माध्यमांच्या घडणीतच काही आहे? कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या मते पहिला प्रकार विकृत आणि दुसरा वेळेचा अपव्यय आहे. त्यावरही जाणकारांनी लिहावे.

काळीशाई

कारण माध्यमाच्या घडणीतच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचले जाते. समोरच्या दोन पानांपैकी आधी उजवे पान वाचायचे, मग डावे, आणि डाव्या पानाची शेवटची चौकट संपली की पान उलटायचे. भयकथेचा चित्रकार ही शेवटची चौकट फार विचारपूर्वक वापरतो. पात्र कशाकडे तरी पाहते, त्याचे डोळे विस्फारतात आणि तेथे पान संपते. ते जे काही आहे, ते पान उलटल्यावर अचानक समोर येते. पान उलटणारा हात आपलाच असल्यामुळे त्या दृश्याला आपणच आमंत्रण दिलेले असते आणि ‘मी नको म्हणत होतो’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. जुंजी इतो यांच्या ‘उझुमाकी’ या मांगात (1998-99) सर्पिलाकाराने झपाटलेल्या शुइचीच्या वडिलांचा शेवट ज्या चित्रात दिसतो, ते चित्र आठवावे. गोल लाकडी पिंपात त्यांचे शरीर वेटोळे होऊन बसलेले आहे आणि प्रत्येक रेषा सावकाश, हात न थरथरता ओढलेली आहे. इतो पूर्णवेळ चित्रकार होण्यापूर्वी दंततंत्रज्ञ म्हणून काम करीत असत, हे वाचल्यावर मला त्या रेषांचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. असे चित्र किती वेळ पाहायचे हे वाचकच ठरवतो, आणि दुर्दैवाने तो हवे त्यापेक्षा जास्त वेळ पाहतो.

पडद्यावर हा वेळ दिग्दर्शक ठरवतो. चार सेकंद झाली की दृश्य बदलते, आणि त्याआधी संगीताने आपल्याला सावध केलेले असते. ‘उझुमाकी’चा चार भागांचा ॲनिमे 2024 मध्ये आला. तो कृष्णधवल ठेवण्याचे आणि इतोंच्या बारीक रेषा हलत्या चित्रात टिकवण्याचे धाडस निर्मात्यांनी केले. पहिल्या भागाचे कौतुक झाले आणि दुसऱ्यापासून दर्जा घसरल्याची ओरड सर्वत्र झाली. माझी तक्रार मात्र चारही भाग पहिल्यासारखे झाले असते तरी राहिली असती. कागदावरचा स्थिर सर्पिल डोळ्यांना फिरल्याचा भास होतो आणि भीती त्या भासाची असते. तो खरोखरच फिरू लागला की भास संपतो.

निवांत कथांचे गणित नेमके उलटे आहे. रिकामे आकाश, तारेवरचा पक्षी, उकळणारी किटली अशी चौकट कागदावर आली की वाचकाची नजर अर्ध्या सेकंदात तिच्यावरून घसरते, कारण तेथे वाचायला काही नसते. पडद्यावर तीच किटली दहा सेकंद दिसते, पाण्याचा आवाज येतो आणि आपल्याला बसून राहावेच लागते. जो धीर आपल्यात नाही तो दिग्दर्शक आपल्याकडून सक्तीने करवून घेतो.

एक अवांतर मुद्दा. मी सीताबर्डीहून खापरीपर्यंत मेट्रोने जातो आणि त्या वेळेत बरेचसे वाचन मोबाइलवर करतो. मोबाइलवर उभे सरकवत भयकथा वाचणे म्हणजे तिचा निम्मा जीव काढून घेणे होय, कारण पुढचे चित्र खालून हळूहळू डोकावत वर येते. अशा कथा छापील प्रतीतच वाचाव्यात, किंवा किमान दोन पाने एकत्र दिसतील अशा पडद्यावर वाचाव्यात.

संत्रासाल

काळीशाई यांचे पान उलटण्याचे विवेचन मला पटले, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटला नाही.

कियोहिको अझुमा यांचा ‘योत्सुबातो’ हा मांगा 2003 पासून प्रसिद्ध होतो आहे आणि त्याचा ॲनिमे आजवर झालेला नाही. तरीही या प्रकारातील त्याच्या तोडीची कलाकृती मला पडद्यावर आढळलेली नाही. पाच वर्षांची एक मुलगी दाराची घंटा, झोका, सायकल असल्या गोष्टींना प्रथमच भेटते, एवढाच त्याचा विषय आहे. पात्रांचे चेहरे मोजक्या रेषांचे आहेत, पण गल्ली, विजेचे खांब, दुकानांतील फळ्या मात्र विलक्षण बारकाईने काढलेल्या आहेत. जग तेच राहते आणि त्याच्याकडे पाहणारी नजर बदलते, हे त्या चित्रणातूनच कळते. तेथे माझी नजर घसरत नाही. उलट मी मागे वळून पुन्हा पाहते, आणि ही मुभा पडद्यावर नसते.

आता भयाकडे वळू. नाओकी उरासावा यांच्या ‘मॉन्स्टर’चा 74 भागांचा ॲनिमे (2004-05) मूळ कथेला जवळजवळ चिकटून चालतो आणि तरीही अंगावर येतो. सातोशी कोन यांचा ‘परफेक्ट ब्लू’ (1997) हा चित्रपट तर कागदावर कल्पनाच करता येणार नाही असा आहे, कारण अभिनेत्री असलेल्या नायिकेचे स्वप्न कोठे संपले आणि चित्रीकरण कोठे सुरू झाले हा संभ्रम तेथे केवळ संकलनातून निर्माण होतो.

या चर्चेत ज्यांचे नाव आधीच यायला हवे होते, ते म्हणजे हिरोशी नागाहामा. ‘मुशिशी’ (2005) हा शांत, धुक्यातून चालल्यासारखा ॲनिमे त्यांनी दिग्दर्शित केला. ओशिमी यांच्याच ‘अकु नो हाना’चा 2013 चा ॲनिमे त्यांचा आणि वर ज्याची चर्चा झाली तो ‘उझुमाकी’ही त्यांचाच. म्हणजे विसावा आणि दहशत यांसाठी दोन वेगळी माणसे लागत नाहीत. ‘अकु नो हाना’साठी त्यांनी आधी प्रत्यक्ष कलाकारांकडून अभिनय करवून चित्रीकरण केले आणि मग त्यावरून चित्रे रेखाटून घेतली. मांगातील देखणे चेहरे गायब झाल्यामुळे चाहते भडकले होते. मला मात्र वर्गाची नासधूस केल्यानंतर त्यातील दोन मुख्य पात्रे हात धरून घरी चालत जातात, तो दीर्घ, जवळजवळ निःशब्द प्रसंग विसरता येत नाही. त्याची चाल शंभर टक्के स्लाइस ऑफ लाइफची आहे : पावले, रस्ता, गावातील बंद दुकाने. घडत काहीच नाही, आणि पोटात गोळा येतो.

त्यामुळे विभागणी माध्यमाची नसून, रोजचे जगणे किती वेळ टक लावून पाहायचे याची आहे. थोडा वेळ पाहिले तर ते गोड दिसते. नजर न हटवता पाहत राहिले की त्यातून काहीतरी दुसरेच दिसू लागते.

महालातला_वाडा

मी वयाने आपणा सर्वांहून मोठा असेन. मांगा मला माझ्या पुतण्याने वाचायला लावले. ‘विकृत’ या शेऱ्याबद्दलच लिहितो.

आमच्या पिढीने वाचलेल्या मराठी भयकथांत अरिष्ट बहुधा बाहेरून येत असे. पडका वाडा, विहीर, पिंपळ, अनोळखी पाहुणा. बाहेरून आलेले बाहेर घालवता येते. नागपुरात आपण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेच करतो. काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत सारा गाव रस्त्यावर येतो आणि गावाचे दुखणे वेशीबाहेर नेऊन जाळले जाते. ‘ची नो वादाची’ वाचताना मला सारखे जाणवत होते की येथे मारबत कोणाची करणार? पीडा आईच्या रूपाने स्वयंपाकघरात उभी आहे, आणि तिच्यावर त्या मुलाचे प्रेमही आहे. जे भय सार्वजनिक करता येत नाही, ज्याचा पुतळा उभारता येत नाही, त्याच्याविषयी लिहिणे विकृत कसे? घराघरांत दडपलेल्या गोष्टी आपल्याकडेही काही कमी नाहीत.

मात्र एक सावधगिरी मी पाळतो. इनिओ असानो यांचा ‘ओयासुमी पुनपुन’ हा मांगा मी कोणालाही सरसकट सुचवत नाही. मन आधीच खचलेले असेल अशा माणसाने तो तूर्त दूर ठेवावा, कारण तो वाचकाला कोठेही हात देत नाही.

आणि दुसरा प्रकार वेळेचा अपव्यय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ‘सांगात्सु नो लायन’ हा ॲनिमे पाहावा. लहान वयात कुटुंब गमावलेला, शोगी या जपानी बुद्धिबळावर उपजीविका करणारा एकाकी मुलगा आणि त्याला जेवायला बसवणाऱ्या तीन बहिणी, अशी त्याची मांडणी आहे. दुसऱ्या पर्वात मधल्या बहिणीचा शाळेत होणारा छळ दाखवला आहे. छळ करणाऱ्या मुलीला आपण काय केले हे नीट उमगतही नाही, आणि तो भाग मला अनेक भयकथांपेक्षा अधिक अस्वस्थ करून गेला.

नुसता_वाचक

दोन्ही प्रकार एकाच वेळी हवे असतील तर ‘गाक्को गुराशी’ या ॲनिमेचा (2015) पहिला भाग पाहावा आणि त्याआधी त्याविषयी काहीही वाचू नये. याहून अधिक लिहिले तर मजा जाईल. येथेही कोणी लिहू नये, ही विनंती.

खामलेकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार.

संत्रासाल, ‘परफेक्ट ब्लू’चे उदाहरण माझ्या प्रश्नाला तितकेसे लागू होत नाही, कारण त्याच्या मुळाशी मांगा नसून कादंबरी आहे, कागदावरची चित्रे हलती करताना काय हरवते, हा माझा मुद्दा होता. ‘पुनपुन’ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. भोवतालचे जग छायाचित्रासारखे खरे आणि नायक मात्र पोराटोरांनी गिरवल्यासारखा पक्षी! स्थिर चित्रात मी हे विनातक्रार स्वीकारतो. तो पक्षी बोलू-चालू लागला, त्याला आवाज दिला गेला, तर ती सगळी मांडणी विनोदी होऊन बसेल असे मला वाटते.

नागाहामांविषयी मात्र आपण लिहिले ते अगदी नेमके आहे. ‘मुशिशी’ आणि ‘उझुमाकी’ एकाच माणसाचे आहेत हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आता ‘अकु नो हाना’ आधी मांगा आणि मग ॲनिमे अशा क्रमाने घ्यावा, की उलट?

संत्रासाल

ॲनिमे आधी घ्यावा. तो 13 भागांचा आहे आणि कथा मध्येच थांबते, त्यामुळे पुढच्यासाठी मांगाकडे वळावेच लागते. आधी मांगातील चेहरे मनात बसले तर चित्रीकरणावरून रेखाटलेले चेहरे परके वाटतात आणि सारे लक्ष त्या तुलनेतच जाते. मांगाचे खंड 11 आहेत. उत्तरार्धात कथा दुसऱ्या गावी जाते, पात्रे मोठी होतात आणि ओशिमींची रेषाही बदलते. तो भाग मला पूर्वार्धाहून सरस वाटतो, पण त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.