मदत हवी आहे: नवरदेवाने कोणत्या घराण्याचा टार्टन (घराण्याच्या ठरावीक रंगांच्या चौकड्यांचे स्कॉटिश कापड) नेसावा?

आम्ही एडिनबरोला राहतो. मुलाचे लग्न ठरले असून त्याला किल्ट (टार्टनचा, चुण्या घातलेला, गुडघ्यापर्यंतचा पुरुषांचा घागरा) नेसायचा आहे. माझे यजमान मॅक्डोनाल्ड, तर सासूबाईंचे माहेर कॅम्पबेल. १६९२ साली ग्लेन्को येथे एका कॅम्पबेल अधिकाऱ्याच्या हाताखालच्या सरकारी सैनिकांनी मॅक्डोनाल्ड लोकांची कत्तल केली; ते हत्याकांड या दोन नावांमध्ये उभे असल्यामुळे निवड करताना मन कचरते. सासूबाईंनी आपल्या वडिलांचा गडद हिरव्या-निळ्या चौकड्यांचा किल्ट जपून ठेवला आहे. त्याच्या चुण्यांच्या कडा विरल्या आहेत, तरी नातवाने तोच नेसावा, अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. घराण्यांचे बहुतेक टार्टन एकोणिसाव्या शतकातच निश्चित झाले आणि मातृकुळाचा टार्टन नेसण्यास कायद्याची आडकाठी नाही, हे मी जाणते. तरीही मॅक्डोनाल्ड वडीलधाऱ्यांचा मान राखून आजीची इच्छा कशी पुरवावी? ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल, त्यांनी कृपया अनुभव कळवावा.