‘लेखक काय तुमचा सालगडी आहे?’ असं विचारणाऱ्यांसाठी

कृष्णाकाठचा_वाचक (सांगली)

परवा एकांनी लिहिलं होतं: “‘गेम ऑफ थ्रोन्स’ची पुस्तकं लिहिणाऱ्या मार्टिनच्या सहाव्या भागासाठी रडणारे वाचक फुकटे आहेत. लेखक काय तुमचा सालगडी आहे? पाच पुस्तकांचे पैसे दिलेत, पाच पुस्तकं मिळाली, हिशेब मिटला.” तेव्हा हळद शिजवायचं काम चालू होतं म्हणून गप्प बसलो. आता सवड आहे.

पहिला भाग मी २००३ ला पुण्यात शिकत असताना घेतला. जुना, कडा दुमडलेला, आठवडाभर एक वेळची मेस बुडवून. तोवर तीन भाग आलेले, १९९६, १९९८ आणि २०००. दोन-दोन वर्षांचं अंतर बघून वाटलं, डिग्री हातात पडेपर्यंत गोष्टही संपेल. २००५ ला चौथा आला तर त्यात निम्मी पात्रंच गायब! शेवटी टीप, की राहिलेल्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी येईल अशी आशा आहे. ते आलं २०११ ला. त्यानंतर माझं लग्न झालं, पोरगी झाली, ती आता सातवीत आहे. सहावा भाग अजून नाही.

मला सालगडी नकोय. पण कव्हरवर ‘मालिकेतला पहिला भाग’ छापून विकलं की पुढचा शब्द दिलाच ना? ऊस तोडून न्यायचा, पहिली उचल द्यायची आणि बाकीचं बिल मागितलं की शेतकऱ्यालाच फुकट्या म्हणायचं, तसलं झालं हे.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

‘एकांनी’ म्हणजे मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

उसाचं उदाहरण साफ चुकलं. शेतकरी ऊस घालतो म्हणून त्याचं येणं असतं. तुम्ही काय घातलंत? पुस्तक विकत घेतलंत, वाचलंत, आनंद घेतलात. कंदी पेढे आवडले म्हणून पुढचं खोकं कधी देता असं हलवायाच्या दारात जाऊन ओरडत नाही कुणी.

हरिभाऊ आपट्यांच्या काही कादंबऱ्या अर्धवट राहिल्या. ते चालवायचे त्या ‘करमणूक’ साप्ताहिकाच्या वर्गणीदारांनी मोर्चा काढल्याचं मी तरी वाचलेलं नाही. आणि वयाचा तरी विचार करा. मार्टिनचा जन्म १९४८ चा. माझे वडील १९४९ चे, त्यांना मी विजेचं बिल भरायलाही पाठवत नाही.

भडंग_आणि_ड्रॅगन (सांगली)

काका, वयाचं कारण पटत नाही. स्टीफन किंगला १९९९ ला गाडीनं उडवलं. बरा झाला आणि १९८२ पासून चाललेल्या ‘डार्क टॉवर’ मालिकेचे उरलेले तिन्ही भाग २००३-०४ मध्ये देऊन टाकले. ‘व्हील ऑफ टाइम’वाला रॉबर्ट जॉर्डन तर आजारपणात टिपणं काढून, शेवटचा प्रसंग स्वतः लिहून २००७ ला गेला. बायकोनं सँडरसन या दुसऱ्या लेखकाला बोलावलं, त्यानं तीन पुस्तकांत गोष्ट पुरी केली, शेवटचं जानेवारी २०१३ ला. याला म्हणतात जबाबदारी. सँडरसन तर हातातलं पुस्तक किती टक्के झालं ते साइटवर टाकतो.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

टक्के? ते पुस्तक आहे की कारखान्याचं गाळप? आज इतके टन, उतारा अमुक.

आणि जॉर्डनचं कौतुक मला सांगू नका. त्याचा दहावा भाग वाचलाय मी. सातशे-आठशे पानं आणि नवव्याच्या शेवटी जे घडलं ते ऐकून एकेक पात्र चकित होतं, संपलं. हल्लीच्या सगळ्याच जाड पुस्तकांची हीच तऱ्हा. संपादकाच्या हातातली कात्री कुणी पळवली कोण जाणे.

वाळव्याचा_ऊसकरी

मला ही पुस्तकं म्हाईत नाईत. पुतण्यानं दाखवलं म्हणून वाचतोय. पण उसाचं नाव निघालं म्हणून बोलतो.

कायद्यानं ऊस गेल्यापासनं १४ दिवसांत बिल द्यायचं, नाय दिलं तर १५ टक्क्यानं व्याज. व्याज कुणाला मिळालंय ते हात वर करा. २०२२ ला सरकारनं एफआरपीचं, म्हंजी उसाला ठरवून दिलेल्या कमीत कमी दराचं, दोन हप्त्यांत तुकडं केलं, २०२५ च्या मार्चमध्ये हायकोर्टानं ते रद्द केलं. मधली तीन वर्षं आमची कुणी भरून द्यायची? वर काटामारी. भाईरच्या काट्यावर १८ टन भरलेली गाडी आत जाऊन साडेसतरा हुती. अर्धा टन काय हवेत उडाला? तुमच्या लेखकाला लावा म्हणावं १४ दिवसांचा कायदा.

द्राक्षबागायतदार_मिरज

एकरकमी एकरकमी करणाऱ्यांनी दुसरी बाजूही बघावी. साखर विकायला वर्ष जातं, दर महिन्याला किती विकायची तो कोटा केंद्र ठरवतं. कारखाना बँकेत साखर तारण ठेवून बिलं देतो. ते व्याज शेवटी सभासदाच्याच डोक्यावर. आमच्या द्राक्षाला तर एफआरपीच नाही. दलाल पळाला की पळाला. तरी आम्ही रडत बसतो का?

वाळव्याचा_ऊसकरी

तुमी संचालकाचं पाव्हणं दिसताय. ऊस लावलाय का कधी?

द्राक्षबागायतदार_मिरज

चार एकर आहे. पाव्हणं-बिव्हणं काढायचं काम नाही, नीट बोला.

वाळव्याचा_ऊसकरी

मग नीटच विचारतो. तुमचं बिल १४ दिवसांत येतं का? एका अक्षरात सांगा.

कृष्णाकाठचा_वाचक (सांगली)

अहो मालक, पुस्तकांचं चाललंय इथं! उदाहरण देऊन माझीच चूक झाली.

हरिभाऊंचं म्हणाल तर ते एकट्यानं साप्ताहिक चालवत होते आणि १९१९ ला गेले. त्यांच्यावर कुणाचा राग असेल? आमचा हा मार्टिन मूळ गोष्ट बाजूला ठेवून २०१८ ला त्याच राजघराण्याच्या पणजोबा-खापरपणजोबांचा जाडजूड इतिहास लिहून मोकळा झाला. म्हणजे हात चालतोय. आपल्याच ताटावर तेवढा चालत नाही. मेहुणा म्हणतो, टीव्हीवरची मालिका बघून टाक, २०१९ लाच संपली. लग्न एकाशी ठरवून वऱ्हाड दुसऱ्याच्या मांडवात जेवायला बसवायचं, तसं ते.

सूनबाई_कोरेगाव

आमच्या घरचं सांगते, मग काय भांडायचं ते भांडा.

माझ्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचं पोथीवाचन बंद पडलं. दिवसभर कॉटवर पडून चिडचिड. मी तेव्हा हीच पुस्तकं वाचत होते. स्वयंपाक आटोपला की त्यांना गोष्ट मराठीतून सांगायला लागले. नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, मग आम्ही आमचीच ठेवली. भिंतीवरचा, ड्रॅगनवाली, बुटका. बुटका त्यांचा फार लाडका. बापानं पोराला असं वागवावं का, म्हणून एकदा रात्री जेवले नाहीत.

पाचव्या भागाच्या शेवटी बुटका लढाईच्या तोंडावर भाडोत्री सैनिकांत अडकलाय, आणि पुस्तक संपलं. आप्पा रोज विचारायचे, “पुढं?” टीव्हीवरचा शेवट मला आवडला नव्हता, तो सांगायची इच्छा होईना. शेवटी मीच रचलं. बुटका सुटला, घरी आला, बापाच्या वाड्याचा निम्मा भाग तालीम आणि निम्मा वाचनालय करून टाकला. आप्पा खूष. आता नवीन भाग आला तर माझीच पंचाईत. आप्पा विचारतील, हे कोण आणखी वेगळंच सांगतंय?

भडंग_आणि_ड्रॅगन (सांगली)

ताई, तुम्हीच लिहा सहावा भाग. 🙏

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

बघा! ताईंनी माझाच मुद्दा सिद्ध केला. गोष्ट वाचकाच्या हातात आली की ती वाचकाची. मग लेखकाकडं कसली वसुली?

सूनबाई_कोरेगाव

सर, मी काहीही सिद्ध केलेलं नाही. दीड वर्ष एका म्हाताऱ्या माणसाला “उद्या सांगते” म्हणत होते. ते काय वाटतं ते तुम्हाला ठाऊक नाही. लेखकाला राग येऊ नये म्हणून तुम्ही एवढे जपताय, तो काय तुमच्या घरी चहाला येणारे का?

भडंग_आणि_ड्रॅगन (सांगली)

‘किंगकिलर’ त्रयी लिहिणाऱ्या रॉथफसचं कुणी काढलंच नाही! पहिला भाग २००७, दुसरा २०११. तिन्ही भाग लिहून तयार आहेत असं सुरुवातीला स्वतःच सांगितलेलं. २०२१ ला धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करताना म्हणाला, अमुक रक्कम जमली की तिसऱ्या भागातलं एक प्रकरण देतो. रक्कम जमली. प्रकरण कुठाय? लोकांनी दानाचे पैसे दिलेत, काका. आता म्हणा फुकटे.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

ते वाईट केलं त्यानं. पैसे घेऊन दिलेला शब्द वेगळा. तेवढ्यापुरतं ‘फुकटे’ मागे घेतो. तेवढ्यापुरतंच. मार्टिनवाल्यांनी उड्या मारू नयेत.

कृष्णाकाठचा_वाचक (सांगली)

उपकार झाले सर. माफीपत्राच्या झेरॉक्स काढून गणपती मंदिराबाहेर वाटू का?

बाकी मीही खरं सांगतो. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. पहिल्या चार भागांचा लगदा झाला. पाचवा वाचला, कारण एका मित्रानं वाचायला नेला होता. तो त्यानं अजून परत केलेला नाही. म्हणजे सहावा आला तरी मला आधी पाच विकत घ्यायला लागणार आहेत. तरी घेणार. हसा.

वाळव्याचा_ऊसकरी

ताई, त्या बापानं बुटक्याला वाड्यातला हिस्सा दिला का नाय शेवटी? कोर्टात गेलता का त्यो?

सूनबाई_कोरेगाव

बाप आधीच मेला दादा. बुटक्यानंच मारला. संडासात.

वाळव्याचा_ऊसकरी

आरं तिच्या. पैल्यापासनं सांगा की मग.

द्राक्षबागायतदार_मिरज

विषय बदलू नका. एफआरपीतनं तोडणी-वाहतूक वजा होते ते बोलला नाही तुम्ही. त्याचं उत्तर द्या आधी.