नालीजवळ सापडलेलं पिल्लू सगळ्यांना चावून राहिलं आहे. लसी होईस्तोवर घरातच ठेवू का?

अंगणातली_जाई (मानेवाडा)

मागच्या मंगळवारी भर पावसात नालीच्या काठावर एक पिल्लू केकाटत होतं. दोन दिवस आईची वाट पाहिली, मग उचलून घरी आणलं. मादी आहे, तांबूस, एक कान उभा नि एक पडलेला. डॉक्टरांनी दात पाहून नऊ आठवड्यांची सांगितली. जंताचं औषध आणि पहिली लस झाली.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. शाळेतून आला की रात्री नवापर्यंत तिच्याशी खेळतो. साडेआठ वाजले की ती आवरतच नाही. पोटऱ्या, सासूबाईंच्या साडीचा काठ, जे दिसेल ते धरते. काल मुलाच्या बोटातून रक्त आलं. दिवाणाखाली रोज शू. शेजारच्या काकू म्हणतात, तिथेच नाक घासा. डॉक्टर म्हणाले, लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर नेऊ नका. पण तोवर ती चार महिन्यांची होईल ना? मला भित्री किंवा अंगावर धावून जाणारी कुत्री नको आहे. पुढे पोळा, गणपती, दिवाळी, सगळंच आहे. काय करू?

व्हेटरिनरी_शेवटचं_वर्ष

ताई, आधी मुलाचं बोट. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत गेलात तरी रेबीजची लस मिळेल. पिल्लू लहान आहे, घरातलं आहे, म्हणून थांबू नका. तिची झालेली पहिली लस पार्वो-डिस्टेंपरची (पिल्लांच्या दोन जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची) असणार, रेबीजची साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांपर्यंत. मधे उलट्या, रक्ताची हगवण किंवा एकदम मलूलपणा दिसला तर सकाळची वाट पाहू नका.

दक्षिण_नागपूर_७

आमच्याकडे पेपरची गुंडाळी करून एक फटका द्यायचे. आठ दिवसांत चावणं बंद झालं होतं.

महालकर_काका

दादा, फटक्याने पिल्लू हाताला घाबरायला शिकतं. मग एखाद्या दिवशी परक्याचा हात अंगावर आला की आधी दात लावतं. हे मी माझ्या घरात पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

ताई, तुमच्या डॉक्टरांचं चुकलेलं नाही. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, तिला रस्त्यावर उतरवू नकाच. पण जमिनीवर उतरवणं वेगळं आणि जग दाखवणं वेगळं. हे मला उशिरा कळलं आणि त्याची किंमत माझ्या शेरूने मोजली.

२०११ साली शेरू आला. लसींसाठी चार महिने त्याला गच्चीवर ठेवला. पाचव्या महिन्यात खाली आणला, तर ऑटोचा भोंगा ऐकून जिन्यापाशीच पोट जमिनीला चिकटवून बसला. छत्रीवाला माणूस दिसला की अंगावर जायचा. तीन वर्षांचा असताना सिलिंडर घेऊन आलेल्या पोराच्या मांडीला चावला. दर दिवाळीत न्हाणीघरात बादलीमागे थरथरत बसायचा. मी त्याला रागावायचो, फटकेही दिले. आज वाईट वाटतं. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या मनात रोजचं म्हणून बसतं. शेरूचे ते दिवस पाण्याच्या टाकीमागे गेले.

पुढे बुंदी, आमची दुसरी कुत्री, पिल्लू म्हणून आली तेव्हा बायकोने जुन्या लुगड्याची झोळी शिवली. रोज सकाळी तिला छातीशी घेऊन बडकस चौकात दहा मिनिटं उभा राहायचो. कधी गांधीसागरच्या काठाने, एकदा बर्डीवर. हेल्मेटवाले, दाढीवाले, बस, फुगेवाला. तिला कोणाच्या हातात दिली नाही. तिने झोळीतून मान बाहेर काढली की चण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. मान आत घेतली की मी दोन पावलं मागे. पुढे किती जायचं ते तिनेच ठरवायचं, हे महत्त्वाचं. ओढून जवळ नेलं की भीती पक्की होते. लसी झालेला एखादा शांत मोठा कुत्रा ओळखीत असेल तर त्याच्याशी घरात भेट घडवा.

आता कूलरचं सांगतो, कारण नागपुरात त्याच्यावाचून घर नाही. मार्चमध्ये माळ्यावरून उतरवला आणि चालू करताच बुंदी पलंगाखाली. बंद केला. दुसऱ्या दिवसापासून तिची दही-भाताची ताटली बंद कूलरजवळ. ती खसच्या टट्ट्या हुंगायची, पाणी पडलं की चाटायची. चार दिवसांनी नुसता पंप लावला, टपटप आवाज. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खायला लागली. मग पंखा, पण ती दोन खोल्या पलीकडे असताना. रोज थोडं जवळ. बारा दिवस लागले. एप्रिलमध्ये ती कूलरच्या समोर चारही पाय वर करून झोपायची.

तुमचं साडेआठचं चावणं मला वेगळं वाटतं. तिला झोप आली आहे. एवढं पिल्लू दिवसाचे अठरा तास झोपतं आणि ती पाच ते नऊ जागी आहे. बाळ किरकिरतं तशी ती चावते. अर्धा-पाऊण तास खेळ, मग कोपऱ्यातल्या गोधडीवर, दिवा बंद, आणि झोपलेल्या पिल्लाला कोणी हात लावायचा नाही. हे मुलाला नीट समजावून सांगा. खेळताना दात लागला की ओरडायचं नाही, हात सोडवून उठून जायचं. चावायला ओल्या फडक्याला पीळ देऊन फ्रीझरमध्ये गार केलेलं द्या, पण तुम्ही समोर असताना. चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडू लागतील. बुंदीचा एक मला चटईवर सापडला, तांदळाच्या कणीसारखा. अजून डबीत आहे.

नाक घासू नका. तिला फक्त एवढंच कळतं की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं, मग ती लपून करते. झोपून उठली, जेवली, खेळली की लगेच तुमच्याच अंगणात, जिथे बाहेरची कुत्री येत नाहीत तिथे. तिथे केलं की त्याच क्षणी खाऊ. दिवाणाखालची जागा व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, वास राहिला की ती तिथेच जाणार. रात्री एकदा उठावं लागेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. ढोल, ताशे, "घेऊन जा गे मारबत"चा गजर, वाडा हादरतो. बुंदीसाठी आम्ही महिनाभर आधी ढोलाचं रेकॉर्डिंग लावलं, इतकं हळू की तिचा कान फक्त हलावा. चढवत नेलं. मिरवणुकीच्या दिवशी मागच्या खोलीत, दार तिच्यासाठी उघडं. ती आपण होऊन माजघरापर्यंत आली, थोडं उभी राहिली, परत गेली. मी अडवलं नाही. आता पाच वर्षांची आहे, ढोल वाजले की खिडकीत बसते.

अंगणातली_जाई (मानेवाडा)

काका, दादा, खूप आभार. मुलाला परवाच मेडिकलला नेलं, पहिलं इंजेक्शन झालं, पुढच्या तारखा लिहून आणल्या. काल साडेसातला दिवा बंद केला. दहा मिनिटं कुरकुर केली आणि झोपली, पोटऱ्या वाचल्या. आज सकाळी ओढणीत घेऊन फाटकाशी उभी राहिले. दूधवाल्याची गाडी आली तशी आत शिरली. मी मागे सरकले. थोड्या वेळाने पडलेला कान आधी बाहेर आला, मग नाक. सासूबाईंनीच चिकनचा तुकडा पुढे केला.