कविता लिहायला आवडतं, वाचायला नाही. काय करावं?

मातीवेल:
बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी. कविता लिहायला मनापासून आवडतं, पण दुसऱ्यांचे संग्रह हातात घेतले की दोन-चार पानांत लक्ष उडतं. अभ्यासक्रमातल्या कविता प्रश्नोत्तरांपुरत्याच वाचून होतात. शिवाय फार वाचलं तर दुसऱ्याची छाप पडेल अशी भीती वाटते. बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती! सध्या अभंग लिहितेय. लय अडखळते असं ऐकणारे म्हणतात, नेमकी कुठे ते कळत नाही.

पावसाच्या सरी
अंगणात आल्या
मनातल्या ओल्या आठवणी
जाग्या झाल्या

लघुगुरू:
मोठ्या अभंगाचं माप ६-६-६-४. अक्षरं मोजायची, मात्रा नाहीत. जोडाक्षर एकच धरायचं. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ बोटांवर मोजून बघा. चौथा चरण तोकडा असतो आणि तिथे यमक नसतं, म्हणून कान तिथे थांबत नाही, पुढच्या कडव्याकडे जातो.

तुमचे पहिले दोन चरण सहा-सहा अक्षरांचे, अगदी बरोबर. तिसऱ्यात दहा अक्षरं झाली आणि यमक चौथ्यात गेलं. अडखळतंय ते तिथे. ‘जाग्या झाल्या’ काढून टाका:

पावसाच्या सरी
अंगणात आल्या
मनातल्या ओल्या
आठवणी

माप बसलं, ‘आल्या–ओल्या’ यमकही जागेवर आलं. म्हणजे कान तुमच्याकडे आहे, मोजायची सवय नाही. हरिपाठाचे दहा अभंग टाळी धरून म्हटले तरी ही चूक पुन्हा होणार नाही.

आता छापेबद्दल. पाऊस, अंगण, मन, ओल्या आठवणी हे चारही शब्द गाण्यांतून आणि सकाळच्या शुभेच्छांतून आलेले आहेत. न वाचणाऱ्यावर छाप पडतेच, फक्त कुणाची ते त्याला कळत नाही. ती ओळखायला तरी वाचावं लागतं.

घाटमाथा:
बहिणाबाईंचं (१८८०–१९५१) उदाहरण तुमच्या बाजूने लागत नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं हे खरं, पण आजूबाजूला जात्यावरच्या ओव्या, भजनं, सणावारांची गाणी होती. त्या काळी वाचन कानाने व्हायचं, आणि ऐकलेलं पाठही असायचं.

पुस्तक धरवत नसेल तर तुम्हीही कानाने सुरुवात करा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणासह ऐकायला मिळतात. एक ओवी ऐका, थांबवा, पाठ म्हणा, मग कागदावर उतरवा. म्हणताना कुठला शब्द लांबवला आणि कुठे श्वास घेतला, तिथे खूण करा. छापलेल्या ओवीत अक्षरं कमी-जास्त दिसतात, गळ्यावर मात्र ती बरोबर बसते. हे डोळ्यांनी वाचून समजत नाही.

लघुगुरू:
कानाचं पटलं. पण डोळ्यांचंही काम आहे, आणि त्याला पूर्ण संग्रह लागत नाही. आठवड्याला एक कविता पुरे. सुरुवातीला बालकवींची ‘औदुंबर’ घ्या, आठच ओळी आहेत.

पहिल्या दिवशी हाताने उतरवून काढा, टाइप करू नका. मग खालचा अर्धा भाग झाका आणि पुढची ओळ काय असेल ते स्वतः लिहा. तुमची ओळ आणि मूळ ओळ शेजारी ठेवली की कवीने काय टाळलं ते दिसतं. या कवितेत ‘मी’ कुठेही नाही. ‘उदास’, ‘एकाकी’ असला एकही शब्द नाही. झरा, टेकडीकडचं गाव, शेतमळे, पायवाट, डोह अशी नजर सरकत जाते आणि झाड येतं थेट आठव्या ओळीत. रंगांखाली रेघ ओढा: हिरवा, निळासावळा, पांढरा, शेवटी काळा. मनःस्थिती सगळी त्या रंगांत आहे.

दुसऱ्या दिवशी मात्रा मोजा. ऱ्हस्वाची १, दीर्घाची २. ‘ऐल तटावर’ ८, ‘पैल तटावर’ ८. प्रत्येक ओळीचे पहिले दोन तुकडे असेच आठ-आठचे आहेत. नवशिके चुकतात ते ‘शेतमळ्यांची’सारख्या शब्दात. पुढे जोडाक्षर आहे म्हणून ‘म’च्या २ मात्रा धरल्या की बेरीज ९ होते. मराठीत ‘ळ्या’, ‘झ्या’, ‘व्या’ यांचा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही, म्हणून तिथे ‘म’ लघुच, म्हणजे एका मात्रेचा: २+१+१+२+२, आठ. ‘सत्य’मधला ‘स’ मात्र गुरू, दोन मात्रांचा. शंका आली की शब्द मोठ्याने म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी त्याच मापात स्वतःच्या आठ ओळी. विषय आपला, भावनेचं नाव घ्यायला बंदी. तुम्हाला लिहायला आवडतं ना, मग वाचनाचा शेवट लिहिण्यातच होऊ द्या. अभ्यासक्रमातल्या कविताही अशाच उलगडा. परीक्षेत रसग्रहणाला हाताशी मुद्दे राहतील.

मातीवेल:
मोजून बघितलं, ‘शेतमळ्यांची’त माझे नऊच आले होते. आणखी एक विचारते. वर्गातले बहुतेक जण मुक्तछंदात लिहितात. तिथे मोजायला काहीच नसतं, मग वाचायचं कसं?

पानगळ:
तिथे ओळ कुठे तोडली ते वाचायचं. मुक्तछंदातली एखादी चांगली कविता मैत्रिणीकडून सलग परिच्छेदासारखी टाइप करून घ्या, मूळ छापील पान न बघता. ओळी तुम्ही पाडा, मग मुळाशी ताडून बघा. जिथे फरक पडला तिथे दोन्ही प्रकारे मोठ्याने वाचा. बहुतेक वेळा कवीने क्रियापद पुढच्या ओळीवर ढकललेलं असतं, नाहीतर एकच शब्द ओळीत एकटा ठेवलेला असतो, आणि त्याने अर्थाचा जोर बदलतो. स्वतःच्या कवितेवरही हेच करा. सलग लिहिल्यावर काहीच हरवत नसेल, तर ते गद्य आहे.

आणि मुक्तछंद म्हणजे माप न येणाऱ्यांची सोय, असं समजू नका. मराठीत तो रुजवणाऱ्या कवी अनिलांनीच पुढे दहा ओळींची दशपदी घडवली. मर्ढेकरांनी यंत्रयुगातलं जगणं अभंग-ओवीच्या साच्यात बसवलं. तुम्ही अभंगापासून सुरुवात केलीत तर मर्ढेकरच आधी वाचा. ग्रंथालयात ‘काही कविता’ मागा, पहिल्याच वाचनात अर्थ लागला नाही तरी चरण मोजत पुढे जा.