मदत हवी आहे: एकाच पुस्तिकेत 'चार्ज' इतक्या अर्थांनी आलाय, मराठीत काय लिहू?

नमस्कार मंडळी,

आमच्या बचत गटातल्या काही जणींनी पिंक ई-रिक्षासाठी अर्ज केले आहेत. या योजनेत किमतीच्या ७० टक्के बँकेचं कर्ज, २० टक्के राज्य सरकारचा वाटा आणि १० टक्के स्वतःचे असतात. म्हणजे गाडी शिकण्याइतकंच कर्जाचे कागद समजून घेणंही आलं. त्यासाठी एक छोटी इंग्रजी पुस्तिका मी मराठीत करतेय. वाचणाऱ्या बहुतेक जणी सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या आहेत. मराठी झरझर वाचतात, पण सही करायच्या कागदावर काय लिहिलंय हे दुसऱ्याला विचारावं लागतं. ते विचारावं लागू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

सगळं अडलंय 'चार्ज'पाशी.

'बॅटरी चार्ज करा' तसंच ठेवणार, त्याबद्दल शंका नाही. पण बॅटरीच्या आत काय होतं ते समजावणारं एक पान आहे. शाळेच्या पुस्तकात 'विद्युतप्रभार' असतो, विश्वकोशात 'विद्युत् भार' सापडतो. 'भार' मला नको वाटतो. त्याच पानावर घरच्या मीटरचा 'मंजूर भार' वाढवून घ्यावा लागेल असंही आहे, आणि तिथे भार म्हणजे लोड. भारनियमन सगळ्यांनी सोसलंय, त्यामुळे तो अर्थ डोक्यात पक्का बसलेला आहे.

मग पैशांचं. मी सरसकट 'शुल्क' लिहीत होते, पण वीजबिल समोर ठेवलं आणि थबकले. बिलावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असतात. हे सगळे चार्जेस. आणि 'वीज शुल्क' असतं ते वेगळंच, तो सरकारचा कर. म्हणजे विजेपुरतं 'आकार'च बरोबर. पण बँकेच्या कागदावर 'प्रक्रिया शुल्क' सर्रास चालतं. एकाच पुस्तिकेत दोन्ही वापरले तर गोंधळ होईल का?

सर्वात अवघड म्हणजे कर्ज फिटेपर्यंत गाडीवर बँकेचा 'पहिला चार्ज' राहील, हे वाक्य. कायद्याच्या मराठीत इथेही 'प्रभार' दिसतो, म्हणजे पुन्हा बॅटरीशी टक्कर. सातबाऱ्यावर 'बोजा' असतो आणि तो शब्द गावाकडच्या प्रत्येकीला कळतो. गाडीला बोजा म्हणता येईल का?

अपघाताच्या प्रकरणात मात्र मराठीच जास्त नेमकी निघाली. पोलीस गुन्हा नोंदवतात, तपास झाल्यावर दोषारोपपत्र कोर्टात जातं. पुस्तिकेत दोन्हीकडे चार्जच आहे. मी ते वेगळेच ठेवलेत, कारण गुन्हा नोंदला म्हणजे आरोप सिद्ध झाला अशी भीती बायका घेतात.

जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १

ताई, मी सहकारी बँकेत कर्ज विभागात होतो. जमिनीला बोजा ठीक आहे, वाहनाला आमच्याकडे 'नजरगहाण' म्हणतात. वस्तू कर्जदाराच्या ताब्यात, वापरही त्याचाच, पण गहाण बँकेकडे. सोनं तारण ठेवताना ते बँकेत जमा होतं, इथे गाडी तुमच्याच दारात राहते. हा फरक एका वाक्यात लिहा, नाहीतर गहाण म्हटल्यावर घाबरतील. पुढे सरळ लिहा: 'कर्ज फिटेपर्यंत गाडीवर बँकेचा पहिला हक्क'. रिक्षावाले 'एचपी चढली, एचपी उतरवायची' म्हणतात (एचपी म्हणजे हायपोथिकेशन, गाडीच्या कागदावरची नजरगहाणाची नोंद), तेही द्या. आरटीओत तोच शब्द कानावर पडणार आहे. शेवटचा हप्ता भरला की बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन ती नोंद उतरवावी लागते, आपोआप उतरत नाही.

आणखी एक. हप्ता चुकल्यावर जो 'पीनल चार्ज' लागतो, त्याला 'दंडव्याज' लिहू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये नियम बदलला, एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना तो लागू आहे. दंड हा दंड म्हणूनच घ्यायचा, व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावायचं नाही. तुमच्या पुस्तिकेत व्याज हा शब्द आला तर त्या बायकांचा हक्कच पुसला जाईल. 'दंडाची रक्कम' पुरे.

प्रतिसाद २

आधीच्या प्रतिसादाशी सहमत. विज्ञानापुरतं 'प्रभार' ठेवा, मुलांच्या पुस्तकात तोच आहे, आई आणि मुलगी एकच शब्द वाचतील.

हे सगळे अर्थ एकत्र कसे आले याचं कुतूहल असेल तर: मूळ लॅटिन शब्द गाडीचा आहे, 'कार्रुस'. त्यावरून गाडीत माल लादणं, त्यातूनच कार्गो आणि चार्ज. बंदुकीत दारू ठासली तो चार्ज (आपण बार भरणे म्हणतो), माणसावर जबाबदारी टाकली तोही, जमिनीवर कर्ज चढलं तोही. विजेला हा शब्द अठराव्या शतकात लागला, बेंजामिन फ्रँकलिनच्या प्रयोगांच्या काळात. आपल्याकडेही भार, प्रभार, कार्यभार, पदभार अशी शब्दांची रांग आहे. बोजा त्याच ओळीतला. पुस्तिकेत हे घालू नका, पण शिकवताना तोंडी सांगायला छान आहे.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. नजरगहाण हा शब्द माझ्या सासूबाईंना लगेच कळला, म्हणून तोच ठेवते. दंडाबद्दलचा मजकूर चौकटीत, ठळक टाईपात घेते. विजेला आकार आणि बँकेला शुल्क ठेवून पहिल्याच पानावर दोन्हींचा अर्थ देते.

आता एकच राहिलं. चार्जिंग स्टेशनच्या 'इन्चार्ज'ला काय म्हणू? 'प्रभारी' लिहिलं तर प्रभारी मुख्याध्यापकासारखा तात्पुरता नेमलेला वाटतो, आणि 'व्यवस्थापक' त्या माणसाला फारच मोठं होतं. तुमच्या भागात पंपावर, स्टँडवर अशा माणसाला काय हाक मारतात? शुक्रवारी पुस्तिका छपाईला जातेय, त्याआधी सुचवा.