१६ फुटांची शेड, साडेवीस फुटांचा बेल्ट: अॅब्झॉर्बर आखूड उघडणारा हवा की नको?

कैचीवाला (अमळनेर)

कापसाचा हंगाम लागण्याआधी आमच्याकडे जिनिंगच्या शेडची कामं निघतात. जुने सिमेंटचे पत्रे, उन्हानं ठिसूळ झालेले. पर्लिनवरून (पत्र्याखालच्या आडव्या आधारावरून) पाय सरकला की माणूस पत्र्यासकट खाली. वळचणीला उंची १६ फूट, म्हणजे ४.९ मीटर. आणि आम्हाला मिळणाऱ्या सेफ्टी बेल्टच्या, म्हणजे हार्नेसच्या, लेबलवर काय? खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा हवी. हिशोब सरळ आहे: दोर २ मीटर, अॅब्झॉर्बर (झटका बसला की फाटत उघडणारी, पडणं हळू थांबवणारी पट्टी) उघडून जास्तीत जास्त १.७५, पाठीच्या डी-रिंगपासून (दोर अडकवायच्या कडीपासून) तळपायापर्यंत दीड आणि १ मीटर राखीव. झाले साडेवीस फूट.

मागच्या महिन्यात रिकाम्या शेडमध्ये करून बघितलं. वाळूची ५०-५० किलोची दोन पोती एकत्र आवळली, त्यांना अॅब्झॉर्बरचा दोर लावला. खाली दीड मीटर सुतळीला लाल चिंधी बांधली, ती पायाची खूण. हुक वळचणीच्या पर्लिनला, पायाच्या पातळीवर, आणि पोती त्याच्या दीड मीटर वरून सोडली. टर्रर्र असा लांब आवाज झाला आणि चिंधी कोब्यापासून वीतभर वर थांबली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातापायाला कंप सुटला होता. पोत्याला मांडीचे पट्टे नसतात. माणूस लटकतो तेव्हा हार्नेसही ताणतो, त्यात ती वीत संपली असती. फाटलेली पट्टी टेपनं मोजली: १.१५ मीटर.

माझं मत असं: 'कॉम्पॅक्ट' म्हणून जे विकतात ते नुसतं घडी घातलेल्या पट्टीचं पाकीट लहान. उघडल्यावर ते तेवढंच लांब. आम्हाला ८० सेंटिमीटरमध्ये थांबवणारा अॅब्झॉर्बर हवा आणि तो आपण मागितला पाहिजे.

मेकॅनिक्स शिकवते (धुळे)

दादा, प्रयोग फार चांगला केलात, पण मागणी धोक्याची आहे. तुमची पोती डी-रिंगच्या उंचीवरून सुटली, म्हणजे पट्टी ताणेपर्यंत साडेतीन मीटर पडली. १०० किलोला ही सुमारे ३,४३० ज्यूल ऊर्जा. सरासरी ४ किलोन्यूटन बलानं ती शोषायची, आणि थांबेपर्यंत वजनही खाली ओढत राहतं हे धरलं, तर १.१४ मीटर लागतात. तुमच्या टेपनं हेच सांगितलं.

आता ८० सेंटिमीटरमध्ये थांबवायचं तर सरासरी बल जातं सव्वापाचच्या वर. युरोपच्या ईएन ३५५ या मानकात कमाल बलाची मर्यादा ६ किलोन्यूटन आहे आणि फाटणाऱ्या पट्टीचं बल कधीच सपाट रेषेत राहत नाही. सरासरी सव्वापाच ठेवलीत तर टोकं सहाच्या पार जातील.

आणि तुमची पोरं १०० किलोची नाहीत. ५५ किलोच्या माणसावर ४ किलोन्यूटन म्हणजे गुरुत्वाच्या साडेसहा पट हिसका. सव्वापाच केलंत की पावणेनऊ पट. जमिनीपासून वाचवाल आणि मणक्यावर घाव घालाल. जागा कमी आहे म्हणून अंगावरचं बल वाढवायचं, हे मला मान्य नाही.

कैचीवाला (अमळनेर)

ताई, हिसक्याचं पटलं. पण कोब्यावर आपटलेल्या माणसाला सहा किलोन्यूटनची मर्यादा काय कामाची? निवड या दोघांतच असेल तर मी हिसका घेईन.

ठेकेदार, पारोळा

पाकिटाला 'नुसतं' म्हणू नका भो. माझी माणसं बेल्ट का काढतात, तर ते जाड पाकीट पाठीवर किंवा हातात मध्ये येतं आणि पत्र्यांच्या फटीत अडकतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्यावर हात टेकवत नाही, तिथे अर्धा किलो कमी झाला तरी पोरगा दुपारनंतर बेल्ट अंगावर ठेवतो. खुंटीला टांगलेला उत्तम अॅब्झॉर्बर कोणाला वाचवतो?

मेकॅनिक्स शिकवते (धुळे)

हे मात्र खरं, आणि इथे रचनेत वाव आहे. दोन पट्ट्या मधल्या धाग्यांनी एकत्र विणलेल्या असतात आणि झटक्यानं सुट्या होतात. एक सेंटिमीटर फाटलं की लांबी दोन सेंटिमीटर वाढते. म्हणून १.७५ मीटर उघडायला जोडपट्टी ८७-८८ सेंटिमीटर पुरते. ती घड्या घालून पाकिटात बसवतात. पट्टी पातळ आणि वीण एकसारखी ठेवली, तर बल वाढवल्याशिवाय पाकीट लहान होतं. मात्र एकसारखं फाटणं हे विणकामाचं कसब आहे. एका जागी धागे घट्ट पडले की तिथे बलाचं टोक येतं. शिवाय ओली, थंड आणि तापलेली पट्टी वेगवेगळी वागते. अमेरिकेच्या एएनएसआय झेड३५९.१३ या मानकात म्हणूनच या तिन्ही अवस्थांच्या वेगळ्या चाचण्या आहेत. आपल्या उन्हात विकायचं तर तापवलेल्या पट्टीचा निकाल विक्रेत्याकडून मागा.

टॉवर टेक्निशियन (ब्राह्मणवेल)

साक्रीकडे पवनचक्क्यांवर काम करतो. दोघंही पट्टीवर भांडताय, दोराकडे कोणी बघत नाही. दोर २ मीटरचा कशाला? १.२ चा घ्या. पायाजवळ हुक असला तरी पडणं साडेतीनवरून २.७ मीटरवर येतं. ताईंच्याच हिशोबानं १०० किलोला ४ किलोन्यूटनवर पट्टी ९० सेंटिमीटरच्या आत थांबते. १.२ अधिक ०.९ अधिक दीड अधिक राखीव १ मीटर, झाले ४.६. तुमच्या १६ फुटांत बसलं, बल न वाढवता.

आणि एक. आडवी वायररोप ताणून तिला हुक लावत असाल, तर पडल्यावर तिला झोळ येतो. तो झोळ या हिशोबात नाही. दोन खांबांत अंतर जास्त असेल तर झोळच जीव घेतो.

नाना (चोपडा)

टेक्निशियन भाऊ, तुमनं म्हननं खरं शे, पन पत्र्यावर १५ वर्षं मी चाललोय. पर्लिनमध्ये साडेचार फूट अंतर असतं. चार फुटी दोरानं दर पर्लिनला हुक काढा, हुक लावा. माणूस पडतो तो हुक काढलेला असतानाच. गुडघे टेकून एका हातानं पुढची पर्लिन पकडायची आणि दुसऱ्या हातानं मागे हात वळवून हुक सोडवायचा, हे एकदा करून बघा. लांब दोर आम्ही हौसेनं वापरत नाही.

टॉवर टेक्निशियन (ब्राह्मणवेल)

नाना, म्हणूनच दोन शेपट्यांचा दोर, दोन हुक. पुढचा लागल्याशिवाय मागचा सोडायचा नाही. टॉवरवर आम्ही असंच चढतो.

ठेकेदार, पारोळा

दोन हुकांचा दोर महाग पडतो आणि वजनही वाढतं. पुन्हा तेच, दुपारनंतर खुंटीला.

कैचीवाला (अमळनेर)

मी एक पाऊल मागे येतो. ८० सेंटिमीटरचा हट्ट २ मीटरच्या दोरावर धरला, ती माझी चूक. पण आखूड दोरासाठी १.७५ मीटरची क्षमता असलेलं जाड पाकीट तरी का वाहायचं? १.२ च्या दोरावर ९० सेंटिमीटर खर्च होतात. राखीव धरून सव्वा मीटर उघडेल एवढी पट्टी द्या, पाकीट आपोआप बारीक होईल. पारोळेकरांचाही प्रश्न थोडा सुटेल.

मेकॅनिक्स शिकवते (धुळे)

याला मी राजी आहे, एका अटीवर. ती पट्टी दोराला कायमची शिवलेली हवी, मध्ये कडी नको. सुटी मिळाली की कोणीतरी तिला २ मीटरचा दोर जोडणार. मग पट्टी पूर्ण उघडून संपेल आणि उरलेला झटका थेट शरीरावर येईल. हे लहान पाकीट सुटं विकायला माझा विरोध कायम आहे.

नाना (चोपडा)

शिवलेलं म्हणजे दोर खराब झाला की सगळंच फेकायचं. गरीब माणूस फेकत नाही ताई, गाठ मारतो.

मेकॅनिक्स शिकवते (धुळे)

नाना, गाठ मारलेला दोर मी तरी कोणाच्या पाठीला लावू देणार नाही. यावर आपलं जमणार नाही.

कैचीवाला (अमळनेर)

पुढच्या रविवारी शेड पुन्हा रिकामी आहे. १.२ मीटरचा, दोन हुकांचा, शिवलेला दोर मागवलाय. १०० किलोची पोती एकदा आणि ५५ ची एकदा, प्रत्येक वेळी नवी पट्टी. नाना, तुम्ही या. दर पर्लिनला हुक बदलत वळचणीपासून मोभापर्यंत चालून दाखवा, आम्ही वेळ मोजू. खाली पूर्ण जाळी बांधलेली असेल.

नाना (चोपडा)

येतो. हुक मोठ्या तोंडाचे आणा, छोटे पर्लिनवर बसत नाहीत.